सिक्युरिटी चेकमध्ये आपली प्रायव्हसी कशी सांभाळायची: पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी

आईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आम्ही पहिल्यांदा विमानाने निघालो तेव्हा सिक्युरिटी चेकचा मी काडीचाही विचार केला नव्हता. तिकीट, पासपोर्ट, औषधं, रिपोर्टची फाईल सगळं तीनतीनदा बघून झालं होतं. आई बॉडी स्कॅनरमध्ये हात वर करून उभी राहिली, बाहेर आली, आणि मशीनच्या स्क्रीनवर जी माणसाची साधी आकृती असते ना, तिच्या छातीवर डाव्या बाजूला पिवळा चौकोन उमटला. तिथे ती सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी कपड्याच्या आत बसवायचा कृत्रिम आकार, लावते. तिथल्या कर्मचारी बाईंनी जागेवरच, सगळ्या रांगेसमोर, मोठ्याने विचारलं, "इथे काय आहे?" आईला उत्तरच देता येईना. मी पलीकडे ट्रेमधून लॅपटॉप काढत होते, मला काय चाललंय ते कळेपर्यंत त्यांनी तिला तिथेच चाचपून बघितलं होतं. गेटवर जाऊन बसल्यावर आईने कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली आणि विमान सुटेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर मी नियम शोधून शोधून वाचले तेव्हा कळलं की "मला वेगळ्या खोलीत तपासा" एवढं एक वाक्य आम्ही बोललो असतो तरी पुरलं असतं. त्या बाईंच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही, त्यांना चौकोन दिसला आणि तो क्लिअर करणं त्यांचं कामच आहे. पण आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर आमचे बरेच प्रवास झाले, प्रत्येक वेळी थोडं थोडं शिकत गेलो, ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय म्हणजे तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

एक आधीच सांगते. तपासणी टाळता येत नाही आणि टाळूही नये, त्याच विमानात आपण आणि आपली माणसं बसणार असतात. मात्र ती कुठे व्हावी, कोणी करावी, कुठल्या पद्धतीने करावी यात आपल्याला बोलायला बरीच जागा असते, आणि ती जागा मशीनमध्ये पाऊल टाकायच्या आधी असते. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

१. कुठलं मशीन नक्की काय बघतं ते आधी समजून घ्या

हे मी मुद्दाम पहिलं घेतलंय आणि जरा लांबण लावणार आहे, कारण मशीनला काय दिसतं हे कळलं की अर्धी भीती जाते आणि काय मागायचं तेही आपोआप सुचतं.

मेटल डिटेक्टरची चौकट: हिला फक्त धातू कळतो, फोटो वगैरे काही नाही. गुडघ्यात किंवा खुब्यात बसवलेला सांधा, हाडातल्या प्लेटा, मोठं बक्कल यावर ती वाजू शकते. वाजली की हातातला डिटेक्टर फिरवतात किंवा हाताने तपासतात.

बॉडी स्कॅनर: काचेचं गोल खोपटं, आत पावलांच्या खुणा, हात वर करून दोनतीन सेकंद उभं राहायचं. आता बहुतेक ठिकाणी यात मिलिमीटर वेव्ह वापरतात, म्हणजे रेडिओ लहरींच्याच घरातल्या लहरी, एक्स-रे नाही. त्या कपड्यातून आरपार जातात आणि कातडीवरून परत फिरतात, शरीराच्या आत शिरत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ फार कामाचा आहे: गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा स्कॅनरला दिसत नाही पण चौकटीवर वाजतो. याउलट आईसारखं कोणी कपड्याच्या आत सिलिकॉनचा फॉर्म लावत असेल, कोणाला स्टोमाची पिशवी (ऑपरेशननंतर शौच किंवा लघवी जमा व्हायला पोटावर लावलेली) असेल, तर चौकट गप्प राहते आणि स्कॅनरवर चौकोन उमटतो. जिथे दोन्ही मशीन शेजारी शेजारी असतात तिथे "मला यातून जाऊ द्याल का" असं विचारायला काहीच हरकत नाही, नेहमी हो म्हणतील असं नाही पण विचारलं तर कधी कधी म्हणतात.

आणखी एक, स्कॅनर पुष्कळदा उगाचच चौकोन दाखवतो. घामाने ओलं झालेलं कापड, कपड्याची जाड घडी, सॅनिटरी पॅड, खिशात राहिलेला टिश्यू, जाड अंबाडा, यातलं काहीही पुरतं. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ऑपरेटरला आधी स्त्री की पुरुष ते बटण दाबावं लागायचं आणि त्या अंदाजाशी शरीर जुळलं नाही की चौकोन यायचा, ट्रान्सजेंडर प्रवाशांना याचा किती त्रास झाला असेल विचार करा. म्हणून चौकोन आला म्हणजे आपण काहीतरी गुन्हा केलाय असा चेहरा करायची गरज नाही. तेवढी एक जागा बघायची, इतकाच त्याचा अर्थ.

ही साधी आकृती दिसायला लागली त्यामागेही एक गोष्ट आहे. २५ डिसेंबर २००९ ला ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात शिवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. धातू नव्हताच त्यामुळे चौकटीला ते कळणं शक्य नव्हतं, आणि मग अमेरिकेत बॉडी स्कॅनर भराभर बसवले गेले. त्या सुरुवातीच्या मशीनमध्ये माणूस जवळजवळ उघडा दिसायचा, दुसऱ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते चित्र बघायचा, आणि त्यातली काही मशीन एक्स-रेवर चालायची. लोक भडकले, कोर्टात गेले. युरोपने नोव्हेंबर २०११ मध्ये नियम केले की एक्स-रेचा स्कॅनर प्रवाशांवर वापरायचा नाही, चित्र साठवायचं नाही, चित्र कोणी माणूस बघणार असेल तर त्याला प्रवासी समोर दिसता कामा नये, आणि प्रवाशाला स्कॅनर नाकारता आला पाहिजे. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने सगळ्या स्कॅनरमध्ये असं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं की सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दिसेल आणि फक्त संशयाच्या जागी खूण येईल, आणि ज्या एक्स-रे मशीनना ते जमलं नाही ती २०१३ पर्यंत विमानतळांवरून काढली गेली. तेव्हा सांगत होते की सुरक्षा पाहिजे तर एवढं सोसावंच लागेल. तीनचार वर्षांत तेच काम कोणाचंही अंग न बघता व्हायला लागलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोकांनी विचारलं म्हणून ते झालं.

स्वॅब: हातावर किंवा बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून मशीनमध्ये घालतात, ती स्फोटकांचे अगदी बारीक कण शोधते. अंगाला फारसा हात लागत नाही म्हणून मला ही पद्धत सगळ्यात बरी वाटते. फक्त काही हँड क्रीम, बागेतली खतं, हृदयरोगाची नायट्रोग्लिसरीनची गोळी यांच्यामुळे ती खोटी वाजू शकते. त्या दिवशी सकाळी हात साध्या पाण्याने स्वच्छ धुवा आणि क्रीम पलीकडे गेल्यावर लावा.

बॅगेचा एक्स-रे: नारिंगी म्हणजे सेंद्रिय वस्तू (अन्न, कागद, कापड, आणि स्फोटकंसुद्धा), निळा म्हणजे धातू, हिरवा म्हणजे मधलं काहीतरी. एकावर एक दाट थर झाले की काळं दिसतं आणि आतलं कळत नाही, तेव्हा बॅग उघडतात. नवीन सीटी मशीन बॅगेचं फिरवून बघता येईल असं चित्र काढतात त्यामुळे तिथे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही.

२. निघायच्या आठदहा दिवस आधी

ज्या ज्या विमानतळावर तपासणी होणार आहे त्या प्रत्येक देशाचा नियम बघा, बदलीचा विमानतळसुद्धा धरून. जगभरासाठी एक किमान नियमावली आहे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १७, ते १९७४ मध्ये आलं, पण त्याच्यावर प्रत्येक देश आपापलं वाढवतो. त्यामुळे एका ठिकाणी बूट काढायला लावतात, दुसरीकडे नाही, एका ठिकाणी स्कॅनर नाकारता येतो, दुसरीकडे नाकारलात तर विमानात बसू देत नाहीत. "मागच्या वेळी तर चाललं होतं" हे वाक्य सिक्युरिटीत काही कामाचं नाही.

सोबत ठेवायचं:

- डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत, एका पानाचं. अंगावर किंवा अंगात कुठलं उपकरण आहे आणि ते काढता येत नाही, एवढंच त्यात पाहिजे. आजाराचा सगळा इतिहास नको! आमच्या पहिल्या पत्रात केमोच्या तारखांपर्यंत सगळं होतं आणि ते तीन अनोळखी माणसांनी वाचलं. आता दोन ओळींचं असतं.
- पेसमेकर, इम्प्लांट, इन्सुलिन पंप यांचं कंपनीचं कार्ड.
- औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट.
- खिशात मावेल असं एक छोटं कार्ड, त्यावर दोन वाक्यं: मला अमुक उपकरण आहे, कृपया मला वेगळ्या जागी तपासा. बोलता येत नसेल, भाषा येत नसेल, किंवा लाज वाटत असेल, तर नुसतं हातात द्यायचं.
- एअरलाइनचा मदतीचा नंबर. विमानतळावर मदतनीस हवा असेल तर निदान दोन दिवस आधी कळवा.

पंप आणि ग्लुकोज सेन्सरवाल्यांनी एक गोष्ट नक्की करा, आपल्या कंपनीचं मॅन्युअल उघडून विमानतळ शोधा. बऱ्याच कंपन्या एक्स-रे आणि बॉडी स्कॅनर दोन्ही टाळायला सांगतात, काही मॉडेलना चालतं. कर्मचाऱ्याला प्रत्येक मॉडेल माहीत असणं शक्य नाही, "काही होत नाही, जा" असं ते सहज म्हणून जातात आणि पंप बिघडला तर निस्तरायचं आपल्याला. पेसमेकर असेल तर चौकटीतून न थांबता सरळ चालत जायचं आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका असं आधीच सांगायचं.

३. बॅग भरताना

बॅग उघडली जाणार असं धरूनच भरा. तुमची बॅग उघडली तर ती टेबलावर उघडते, आजूबाजूला लोक असतात, आणि एकेक वस्तू बाहेर काढली जाते. अंतर्वस्त्रं, पॅड, स्टोमाच्या पिशव्या, कॅथेटर, जे काही चारचौघांत दिसू नये असं वाटतं, ते पारदर्शक झिपच्या पिशवीत नीट लावून ठेवा. मला आधी वाटायचं की असल्या वस्तू काळ्या पिशवीत पाहिजेत, पण काळी पिशवी ते उघडतात आणि आतलं हातात घेऊन बघतात. पारदर्शक असली की पिशवीला हात न लावता वरूनच बघून ठेवून देतात. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर!

चार्जर, वायरी, पॉवर बँक एकाच ठिकाणी गच्च कोंबू नका, एक्स-रेवर त्याचा काळा गोळा होतो आणि मग सगळी बॅग उपसली जाते. पॉवर बँक केबिन बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही.

द्रव पदार्थांचा १०० मिलिचा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला त्यातून आलाय. बऱ्याच ठिकाणी तो अजून आहे, सीटी मशीनमुळे काही ठिकाणी सैल झालाय. पण औषध आणि बाळाचं दूध याला सहसा सूट असते, फक्त ते आपणहून बाहेर काढून दाखवायचं. लपवलेलं सापडलं की प्रश्न वाढतात, काढून दाखवलं की दोन मिनिटांत संपतं.

डायरी, पत्रं, कोर्टाचे किंवा वैद्यकीय कागद: कर्मचाऱ्यांना कागदांच्या आड काही लपवलंय का ते बघायचं असतं, मजकूर वाचायचा नसतो. बंद फाईलमध्ये ठेवा. कोणी पानं वाचायला लागलंच तर शांतपणे म्हणा, "हे खाजगी आहे, तुम्ही पानं उलटून बघा पण वाचू नका."

चेक-इन बॅग तुमच्या पाठीमागे उघडली जाऊ शकते. टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा) चिन्हाचं कुलूप कर्मचारी मास्टर किल्लीने उघडतात, आणि त्या किल्ल्यांचे फोटो २०१५ मध्येच जगजाहीर झाले, लोकांनी ३डी प्रिंटरवर त्या किल्ल्या बनवूनही दाखवल्या. म्हणजे ते कुलूप बॅगेची झिप आपोआप उघडू नये एवढ्यासाठीच. खाजगी काहीही त्या बॅगेत टाकू नका.

४. रांगेत उभं असताना, सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं

ट्रे बेल्टवर ढकलायच्या आधी थांबा. जो पहिला कर्मचारी दिसेल त्याच्या जवळ जाऊन, हळू आवाजात, सांगा. कार्ड असेल तर द्या. काय आहे ते सांगायचं, कुठे आहे ते सांगायचं, आणि काय हवंय ते सांगायचं, तिन्ही एका दमात: "मला पोटावर स्टोमाची पिशवी आहे, स्कॅनरमध्ये दिसेल, मला महिला कर्मचाऱ्याकडून वेगळ्या खोलीत तपासणी हवी आहे."

हे आधीच का, तर एकदा तपासणी सुरू झाली की "राहू दे, मी जातच नाही" म्हणून परत फिरता येत नाही. अमेरिकेत तर एका अपील कोर्टाने २००७ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रवासी चेकपॉइंटच्या प्रक्रियेत शिरला की त्याची संमती आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. आणि व्यवहारात बघितलं तरी चौकोन दिसल्यावर दिलेलं स्पष्टीकरण संशयाने ऐकलं जातं, तेच आधी सांगितलं तर माहिती म्हणून ऐकलं जातं. शब्द तेच असतात हो, पण वेळेने सगळा फरक पडतो.

इथे लोक हमखास चुकतात त्या गोष्टी: मस्करीत "बॉम्ब" शब्द उच्चारणं (चुकूनही नको, अटक होते), कर्मचाऱ्याचा व्हिडिओ काढायला लागणं, तपासणी चालू असताना खिशात हात घालणं किंवा दुखऱ्या जागेवर हात ठेवून दाखवणं. कुठे काय आहे ते तोंडाने सांगायचं.

सोबत कोणी असेल तर ठरवून घ्या की पुढे कोण जाणार. आम्ही आता आईला आधी पाठवत नाही. मी आधी जाते, दोघींचे ट्रे मी सांभाळते आणि ती येते तेव्हा मी मोकळी उभी असते.

५. स्कॅनर नको असेल तर

युरोपियन युनियनमध्ये स्कॅनर नाकारायचा हक्क नियमातच आहे आणि नाकारला तर निदान हाताने तपासणी होते. अमेरिकेतही साधारण नाकारता येतो, पण बोर्डिंग पासवर ज्यादा तपासणीची खूण असेल तर तो सक्तीचा होऊ शकतो. बाकी देशांत आधी बघून घ्या.

पण नाकारायच्या आधी एक विचार करा. लोक प्रायव्हसीसाठी स्कॅनर नाकारतात आणि मग हाताने तपासणी होते, त्यात मांड्यांच्या आतल्या बाजूपर्यंत, छातीखालपर्यंत हात फिरतो. आजच्या आकृतीवाल्या स्कॅनरमध्ये कोणालाच तुमचं अंग दिसत नाही, लहरी एक्स-रेच्या नाहीत, त्यामुळे अंगावर बाहेरून काही लावलेलं नसेल तर माझं सरळ मत आहे की स्कॅनरच घ्या. पूर्वी कधी अत्याचार झालेल्या व्यक्तीला अनोळखी हाताचा स्पर्श किती जड जातो हे मी माझ्या एका मैत्रिणीकडून ऐकलंय, ती नेहमी स्कॅनरच मागून घेते. याउलट आईला खोलीतली हाताची तपासणी बरी वाटते कारण तिथे निदान चौकोन बघणारी रांग नसते. ज्याचं त्याने ठरवायचं, फक्त घरी बसून ठरवायचं, रांगेत नाही.

६. वेगळ्या खोलीत नक्की काय होतं

याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर सांगते. दुसऱ्या प्रवासात आम्ही कार्ड दिलं. कर्मचाऱ्याने वाचलं, मान डोलावली, रेडिओवर कोणाला तरी बोलावलं. सातआठ मिनिटं थांबावं लागलं. मग दोन महिला आल्या, आम्हाला बाजूच्या छोट्या खोलीत नेलं. खुर्ची, टेबल, भिंतीला हूक, बस. आमचे ट्रे आमच्याबरोबर आत आणले (हे सांगून करून घ्या, सामान बाहेर नजरेआड राहू देऊ नका). एकीने हातमोजे नवीन घातले, आईला दाखवून. मग तिने आधी तोंडाने सांगितलं की मी आता पाठ तपासणार, मग कंबर, मग छातीच्या खाली हाताच्या पाठच्या बाजूने. प्रत्येक वेळी आधी सांगायची, मग हात लावायची. दुसरी नुसती उभी होती, साक्षीदार म्हणून. फॉर्मच्या बाहेरून, कपड्यावरूनच हात फिरवला, मग हातमोज्यावर स्वॅब फिरवून मशीनमध्ये तपासला. चार मिनिटं लागली असतील. निघताना त्या बाईंनी आईची शाल हुकावरून काढून तिच्या खांद्यावर ठेवली. आई बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच होतं का गं?"

खोलीत तुम्ही काय मागू शकता:

- आपल्यासारख्याच लिंगाचा कर्मचारी. बहुतेक देशांत हा नियमच आहे.
- आपलं माणूस सोबत. अमेरिकेत हे लेखी आहे, बाकी ठिकाणीही सहसा परवानगी देतात. मुलांची तपासणी आईबाबांसमोरच व्हायला हवी.
- नवीन हातमोजे.
- करण्याआधी सांगा असं म्हणणं.
- बसून तपासणी, उभं राहता येत नसेल तर.
- डोक्यावरचं धार्मिक वस्त्र काढायची वेळ आली तर ते खोलीत, आरसा मागून. काही ठिकाणी आपण स्वतःच्या हाताने ते चाचपायचं आणि मग आपल्या हातांचा स्वॅब घेतात, तसं चालेल का विचारा.

आणि फॉर्म किंवा स्टोमाची पिशवी काढून दाखवा किंवा कपडा वर करा असं कोणी म्हटलं तर तिथे थांबा. अमेरिकेच्या नियमात तर सरळ लिहिलंय की असं सांगितलं जाणार नाही. "सुपरवायझरला बोलवा" म्हणा आणि तो येईपर्यंत काही करू नका.

एकच सावधगिरी, या सगळ्याला वेळ लागतो. नेहमीपेक्षा पाऊण तास तरी आधी पोचा. घाई झाली की माणूस सगळ्याला हो म्हणतो.

७. चेहरा स्कॅन करायला सांगतात तेव्हा

दोन प्रकार असतात आणि फरक मोठा आहे. पहिल्यात कॅमेऱ्यातला चेहरा तुमच्याच पासपोर्टवरच्या फोटोशी जुळवतात, एकास एक. दुसऱ्यात तो सर्व्हरवरच्या भरपूर चेहऱ्यांमध्ये शोधतात. पहिल्यात कुठे काही साठवायची गरजच नसते. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने मे २०२४ मध्ये हेच सांगितलं की चेहऱ्याचा साचा (चेहऱ्यावरून बनवलेली डिजिटल नोंद) किंवा तो उघडायची डिजिटल किल्ली प्रवाशाच्याच हातात असेल तर ठीक, विमानतळाच्या किंवा एअरलाइनच्या मध्यवर्ती साठ्यात असेल आणि किल्लीही त्यांच्याकडे असेल तर नाही. भारतातली डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळावर आत जायची सोय, १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, ती ऐच्छिक आहे, ओळख फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेला डेटा उड्डाणानंतर २४ तासांत काढून टाकायचा असा तिचा नियम आहे.

तुम्ही काय करायचं: फलक वाचा, आणि "हे सक्तीचं आहे का, ओळखपत्र दाखवलं तर चालेल का" असा एक प्रश्न विचारा. अमेरिकेत सिक्युरिटीच्या टेबलावर नाही म्हणता येतं आणि मग साध्या पद्धतीने ओळखपत्र बघतात. मात्र इमिग्रेशनच्या काउंटरवर परदेशी नागरिकाला बऱ्याच देशांत पर्याय नसतो, तिथे वाद घालू नका. अडचण एवढीच की कॅमेरा आधीच आपल्याकडे तोंड करून असतो आणि मागचा माणूस खेटून उभा असतो, म्हणून नकार द्यायचा असेल तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायच्या आधीच द्या.

८. फोन आणि लॅपटॉप

सिक्युरिटी आणि कस्टम्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक यांची फार गल्लत करतात. सिक्युरिटीवाल्यांना तो फोन खरंच फोन आहे ना एवढं बघायचं असतं, म्हणून कधी चालू करून दाखवायला सांगतात. चालू करणं म्हणजे अनलॉक करणं नाही, लॉक स्क्रीन दिसली की त्यांचं काम झालं. म्हणून बॅटरी संपलेला फोन घेऊन जाऊ नका.

देशात शिरताना मात्र कस्टम्स किंवा इमिग्रेशनचे अधिकार वेगळे असतात. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने पासवर्ड द्यायला नकार दिला तर ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत स्वतःच्या नागरिकाला त्यावरून परत पाठवता येत नाही, पण फोन ठेवून घेता येतो, आणि परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येतो. म्हणून उपाय आधी करायचा: जे नेण्याची गरज नाही ते नेऊ नका. ऑफिसची गोपनीय फाईल, रुग्णांचे रिपोर्ट, दुसऱ्यांनी विश्वासाने पाठवलेलं काही असेल ते घरी ठेवा. फोन पूर्ण बंद करून रांगेत जा, चालू केल्यावर पहिल्यांदा आकडी पासवर्डच लागतो, बोट किंवा चेहरा चालत नाही. आणि ट्रेमध्ये फोन पालथा ठेवा, नाहीतर येणारे मेसेज सगळ्यांना वाचता येतात.

९. बोर्डिंग पास

यात खाजगी काय असणार असं वाटतं ना? त्या बारकोडमध्ये तुमचं नाव आणि बुकिंगचा नंबर साध्या अक्षरांत असतो, कुठलंही स्कॅनर ॲप तो वाचतं, आणि आडनाव अधिक बुकिंग नंबर एवढ्यावर बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, त्यावरून एकाने त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधून काढला. प्रवास झाल्यावर फाडून टाका, सीटच्या खिशात सोडू नका. बॅगेच्या टॅगचं पण तसंच.

१०. काही चुकलंच तर

तिथल्या तिथे सुपरवायझरला बोलवा, आवाज न चढवता. नाव विचारा किंवा बिल्ल्यावरचा नंबर बघून घ्या. तिथे उभं राहून भांडलात तर विमान तुमचंच सुटतं, पण गप्प बसून निघूनही जाऊ नका. गेटवर पोचलात की फोनमध्ये लगेच लिहा: तारीख, वेळ, टर्मिनल, कितव्या नंबरची लेन, कर्मचारी कसे दिसत होते, नक्की कुठले शब्द वापरले, आजूबाजूला कोण होतं. तक्रार विमानतळाकडे आणि त्या देशाच्या सुरक्षा यंत्रणेकडे दोन्हीकडे करा, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात म्हणून. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग फार दिवस ठेवत नाहीत, त्यामुळे पहिल्याच पत्रात "या वेळेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा" असं लिहा.

आम्ही आईच्या त्या पहिल्या प्रसंगाची तक्रार केली होती, पण दोन महिन्यांनी, मी नियम वाचल्यावर. उत्तर सभ्य भाषेत आलं, दिलगिरी होती, आणि पुढे विचारलं होतं की लेन कुठली आणि वेळ काय. ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही. आता आई स्वतःच रांगेत शिरताना वर बघून लेनचा नंबर मला मोठ्याने वाचून दाखवते.